सिस्टरचे ठरलेले प्रश्न

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. बसमध्ये कंडक्टर आहे मी. दिवसभर ‘पुढे सरका, पुढे सरका’ करून घसा असा तयार झालाय की घरात मीठ मागितलं तरी शेजारच्यांना भांडण वाटतं. अप्पा मला फटाकडी म्हणायचे. आई गेल्यापासून त्यांनी मला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती.

अप्पा न्हावी. दुकान घराखालीच. उभा जन्म त्या खुर्चीमागे गेला त्यांचा. आई गेली आणि त्यांनी आधी दुकान उघडणं सोडलं, मग जेवण, मग बोलणं. खिडकीशी बसायचे. चहा निवायचा, त्यावर साय धरायची, आणि हे आपले तसेच. औषधं बदलून झाली, पण गुण येईना. तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, उतारवयातल्या नैराश्यावर एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे, बघता का?

बाईंनी सगळं नीट समजावलं, त्यांना बोल लावायला जागा नाही. निम्म्या लोकांना नवी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कुणाच्या वाट्याला कुठली, ते अप्पांना कळणार नाही, मला नाही, खुद्द डॉक्टरांनाही नाही. मनात आलं की केव्हाही बाहेर पडता येईल, आणि त्रास वाढतोय असं दिसलं तर डॉक्टरच बाहेर काढतील आणि लगेच दुसरे उपचार सुरू करतील. अप्पांनी ऐकून घेतलं आणि सही केली.

दर आठवड्याला आम्ही जायचो. एक छोटी खोली, दोन खुर्च्या समोरासमोर, आणि चाचणीचं काम बघणारी सिस्टर. ती ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायची. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी बाहेर बाकावर, कारण घरचं माणूस शेजारी असलं की पेशंट त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देतो म्हणे. दारातून तिचे प्रश्न ऐकू यायचे, अप्पांची उत्तरं नाहीत. सिस्टरनंही ‘अरे वा’ म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. उत्तरांना गुण. गुण जितके कमी, तितका माणूस बरा.

आणि अप्पांचे गुण दर खेपेला कमी होत होते.

“छान सुधारणा आहे,” एके दिवशी डॉक्टर म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. सुधारणा? अहो, माणूस दोन घास खाऊन ताट सरकवतो. रात्री उठून पाहावं तर पलंगावर बसलेला. आणि कालची तर गोष्ट अशी होती की माझ्या पायाखालची जमीन सरकली. अप्पांनी आपली चांगली कात्री, जी आईलासुद्धा हात लावू देत नसत, ती पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्याला देऊन टाकली होती. वर त्याला म्हणाले, “सांभाळ हो, मला आता लागायची नाही.”

हे सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्या ताडकन उठल्या, अप्पांपाशी गेल्या, स्वतः विचारलं. अप्पा हसले. माझे अप्पा इतकं गोड हसतात की समोरचा विरघळतोच.

“अहो, धार गेली होती तिची. आणि माझं आता वय झालं. बाकी मजेत आहे मी. आमची ही पोरगी उगाच राईचा पर्वत करते.”

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मी तुमचं म्हणणं हलक्यावर घेत नाही. आज त्यांना एकटं सोडू नका, वस्तरे उचलून ठेवा. उद्या मी परत बोलावते. पण ते स्वतः काहीच कबूल करत नाहीत, तर मी त्यांच्या मनातलं काढू कसं?”

मी तणतणत बाहेर आले. सिस्टर दारातच उभी होती. वयानं माझ्याएवढीच. तिनं सगळं ऐकलं होतं. मग काय, मी तिच्यावरच घसरले.

“काय हो, तुम्हाला कळत नाही का? त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकं सांभाळलीत! समोरचा माणूस खूश होऊन उठला पाहिजे, एवढंच येतं त्यांना. तुम्ही समोर बसता, विचारता, आणि ते तुमचा चेहरा बघून तुम्हाला बरं वाटेल ते सांगतात. तुम्ही त्यांचं गिऱ्हाईक झालायत, सिस्टर!”

ती चिडली नाही. उलट खाली बसली बाकावर. “कोरा ठेवते हो मी चेहरा,” ती म्हणाली, “पण त्यांचं ‘छान’ ऐकून आतून आनंद व्हायचाच. दिसत असेल तो त्यांना.” मग तिनंच विचारलं, “ते खरं कुणाशी बोलतात?”

माझ्याशी तर नाहीच. आईशीही फारसं नसावेत. मग आठवलं. आई गेली त्याच्या महिन्याभरानं, दुकान अजून चालू होतं तेव्हा, बसमध्ये एक म्हातारे गृहस्थ भेटले, अप्पांचे जुने गिऱ्हाईक. मला म्हणाले, “पोरी, तुझा बाप माझे केस कापताना ढसाढसा रडला गं.” घरात आमच्यापुढे टिपूस काढलं नव्हतं त्यांनी. मी सिस्टरला हे सांगितलं. खुर्चीमागे उभे असले, हातात काम असलं, समोर माणूस नसून आरशातला माणूस असला, की अप्पा बोलतात.

सिस्टर उठून आत गेली. डॉक्टरांशी बराच वेळ बोलली. बाहेर आली ती पर्स घेऊनच. “प्रश्न बदलता येत नाहीत,” म्हणाली, “पण ते कुठे बसून विचारायचे, हे कुणी ठरवून दिलेलं नाही. डॉक्टर हो म्हणाल्यात. चला, माझे केस वाढलेत.”

आम्ही तिघं घरी आलो. मी शटर वर ढकललं. आत कोंदट वास, खुर्चीवर धुळीचा थर. सिस्टर सरळ जाऊन बसली. अप्पा दारातच अडखळले.

“अहो बाई, मी बायकांचे केस कापत नाही.”

“नुसती टोकं सारखी करा, काका. आणि आधीच सांगते, चोरून काही नाही. तेच प्रश्न विचारणार आहे. चालेल?”

“विचारा की,” अप्पा म्हणाले. खुर्ची पुसली, तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. कंगवा हातात घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांची पाठ ताठ झाली. जुनी कात्री शोधून दिली मी. मग आतल्या पडद्यामागे जाऊन उभी राहिले. कात्री चालू झाल्याचा आवाज आला. किती दिवसांनी ऐकत होते मी तो.

“गेल्या आठवड्यात झोप कशी लागली?” सिस्टरनं विचारलं. तोच दवाखान्यातला सपाट सूर.

“झोप कसली,” अप्पा म्हणाले. “डोळे मिटून पडतो. पोरीला वाटावं झोपलोय म्हणून.”

कच, कच.

“भूक?”

“तोंडात घास फिरत राहतो नुसता. मान जरा खाली करा.”

“कशात मन लागतं का?”

“नाही लागत, बाई. कशातच नाही.”

मी पदर तोंडात कोंबला. प्रत्येक उत्तर दवाखान्यातल्या उत्तराच्या बरोब्बर उलटं असणार. आणि सिस्टर एकेक प्रश्न शांतपणे, शब्दाला शब्द तोच विचारत चालली होती. शेवटचा प्रश्न मला ठाऊक होता. मला तो ऐकायचाच नव्हता.

“जगू नये, असं वाटतं का?”

कात्री थांबली.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पडद्याच्या फटीतून मला आरशातले अप्पा दिसत होते. हसत नव्हते. आरशातल्या सिस्टरकडे बघत होते आणि त्यांचा तो म्हातारा, थकलेला, खरा चेहरा मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

“वाटतं.”

“कधी?”

“सकाळी. पोरगी ड्यूटीवर गेली की. मग दिवसभर घर खायला उठतं. रोज ठरवतो, आज... मग वाटतं, ती संध्याकाळी दमून येईल आणि तिलाच पहिलं दिसेल.” कंगवा तसाच हातात धरून ते म्हणाले, “तिला नका सांगू. दिवसभर ओरडून जीव जातो तिचा.”

माझ्यानं राहवलं नाही. मी बाहेर आले आणि अप्पांना मागून घट्ट मिठी मारली. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. माझा, कंडक्टरचा!

सिस्टर उठली. गळ्याचं कापड तसंच, केस एका बाजूला आखूड, एका बाजूला लांब. तिनं अप्पांचा हात हातात घेतला. चाचणीत हेही चालत नसावं. “काका, त्या गोळ्या आता बंद. चाचणीतून तुम्ही बाहेर. आत्ता डॉक्टरांकडे जायचं, तिघांनी.”

“म्हणजे मी नापास?” अप्पा ओशाळले. “तुमचं काम बिघडवलं ना मी?”

“बिघडलं असतं,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा आता अजिबात कोरा नव्हता. “तुमचं खोटं ‘छान’ धरून उद्या ही गोळी तुमच्यासारख्याच हजार म्हाताऱ्यांना दिली असती, तर बिघडलं असतं. आज काही बिघडलं नाही.”

अप्पा काही आठवडे दवाखान्यात राहिले. दुसरे उपचार झाले, जरा ताकदीचे. तिथेही ते वॉर्डबॉयला, डॉक्टरांना, सगळ्यांना ‘छान, छान’ म्हणायला बघायचे, पण आता कुणी फसत नव्हतं. घरी आले ते बारीक होऊन आणि खूप झोपायला लागले. सुधारणा होती, पण जपून पाय टाकावा तशी. एक दिवस बरा जायचा, दोन दिवस जैसे थे. ती गोळी खरी होती की नुसती दिसायला, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. चाचणी पुरी झाल्यावर कळवणार आहेत. मला त्याचं आता काही वाटत नाही.

माझी रजा संपली. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत अप्पांपाशी बसायला मावशी येणार होती. मी युनिफॉर्म चढवला, तिकिटांचं मशीन खांद्याला लावलं आणि त्यांच्यापुढे जाऊन बसले. अगदी समोर, तोंडासमोर.

“अप्पा, कसं वाटतंय?”

त्यांचा चेहरा आधी हसायला गेला. जन्माची सवय, दुसरं काय. मग ते हसू त्यांनी अर्ध्यावरच सोडून दिलं.

“आज नाही गं बरं वाटत,” ते म्हणाले.

“मग आज थांबू का घरी?”

मला वाटलं, म्हणतील, ‘जा, जा, माझं काय एवढं.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजर चुकवली नाही.

“थांब, फटाकडे,” अप्पा म्हणाले.