चार वाक्यांचा सासरा

लातूरच्या त्या नाट्यमंडळात एके काळी बावीस कलावंत होते. काही पुण्याला गेले, काही राजकारणात गेले. अभिनय तेवढा कुणी सोडला नाही. मागं उरले तिघं. औषधाच्या दुकानात बसणारी शिवानी, फर्निचरवाला महांतेश आणि अध्यक्ष गुंडप्पा. तालीम गुंडप्पांच्या आडतीच्या माडीवर व्हायची, म्हणून ते अध्यक्ष.

नांदेडच्या स्पर्धेला दोन महिने राहिले होते. नाटक निवडायचं काम शिवानीकडं आलं, कारण वाचायची खोड तिलाच होती. नाटक आजच्या काळातलं हवं, पात्रं तीन हवीत, महांतेश नायक हवा आणि सोफा हवाच, कारण तो महांतेशच्या दुकानात पडून होता.

तिनं अकरा संहिता वाचल्या. एकीत नायक बायकोचं ऐकतो म्हणून महांतेशनं नाकारली, दुसरीत नायकाला टक्कल होतं. गुंडप्पांनी एकही न वाचता सगळ्यांवर एकच मत दिलं, "इषयात दम न्हाई."

शेवटी विष्णुपुरीच्या एका प्राध्यापकाचं नवं नाटक तिला मिळालं. सासू, सून आणि अंथरुणाला खिळलेला सासरा. सासऱ्याला चारच वाक्यं. शेवटच्या वाक्यात तो बायकोची माफी मागतो.

"चार वाक्यं बोलायला मी नांदेडला जाऊ का, वहिनी?" असं म्हणून महांतेश सोफ्यासकट नाटकातून बाहेर पडला.

गुंडप्पांनी मात्र पहिल्यांदाच चौकशी केली. "पडूनच ऱ्हायचं?"

"हाव, अप्पा."

"मग इषयात दम हाय."

सासूच्या कामाला बाई मिळेना. पाठांतर घ्यायला म्हणून शिवानीनं घरी आपल्याच सासूला, रत्नम्माला, बसवलं. चौथीपर्यंत शिकलेली रत्नम्मा ओळीवर बोट ठेवून वाचायची. तिसऱ्या दिवशी तिनं कागद बाजूला ठेवला आणि नुसतीच बोलली. शिवानी आपलं वाक्य विसरली. चौथ्या दिवशी तिनं स्पर्धेच्या अर्जात रत्नम्माचं नाव लिहिलं.

नांदेडला प्रयोग दुपारी दोनचा होता. गुंडप्पा पोटभर जेवून खाटेवर आडवे झाले. पहिली तीन वाक्यं ठीक गेली. चौथ्याची वेळ आली आणि खाटेवरून घोरणं ऐकू आलं. शिवानीनं त्यांचा पाय हलवला. घोरणं वाढलं. लेखक तिसऱ्याच रांगेत बसला होता.

रत्नम्मा खाटेजवळ गेली. शांतपणे पांघरूण नीट केलं.

"निजू दे, पोरी. माफी मागायची येळ आली की हे निजतेत. चाळीस वर्सं बघून ऱ्हायले."

सभागृहात टाळ्या थांबेनात. गुंडप्पा त्या टाळ्यांनीच जागे झाले.

परीक्षकांनी पुरुष-अभिनयाचं पहिलं बक्षीस गुंडप्पांना दिलं. झोपेचा इतका संयत, इतका अभ्यासपूर्ण अभिनय त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. गुंडप्पांनी तिथल्या तिथं या भूमिकेमागच्या साधनेवर दहा मिनिटं भाषण केलं. रत्नम्माला नारळ मिळाला.

लेखक मात्र शिवानीला शोधत आला. "ते वाक्य मी संहितेत घेऊ का? त्यांना विचारा."

परतताना लोहा गाव मागं पडल्यावर एसटीत शिवानीनं रत्नम्माला विचारलं. गुंडप्पा पुढच्या सीटवर प्रमाणपत्र मांडीवर घेऊन बसले होते.

"घिऊ दे की," रत्नम्मा म्हणाली. "पर खाली माझं नाव लिव म्हणावं. पुरं नाव."

शिवानीनं तिथंच फोन लावला.