डासांचा कलेक्टर

"जोडे काढ आधी! पाण्यावर जोडे घालून चढतं का कोणी?"

झमकूच्या आवाजाने डॉक्टर भटनागर टाक्याच्या पहिल्याच पायरीवर थबकले. जयपूरचा तरुण माणूस, जिल्ह्याला येऊन चार महिने झालेले. गुपचूप बूट काढले आणि मे महिन्याच्या त्या तापलेल्या चुन्यावर एकेक पाय उचलत वर आले. झमकूचा धाकटा भाऊ पोकरराम खिलेरी तिथे सकाळपासून अनवाणी उभा होता. त्याचे तळवे या वाळवंटानेच भाजून पक्के केलेले होते.

"बघा साहेब," त्याने हातातला छोटा आरसा तिरका केला. उन्हाचा कवडसा झाकणातून आत, वीस हात खोल पाण्यावर जाऊन पडला. "दिसल्या अळ्या? पाण्याला आडव्या लागून पडल्यात. साधी अळी डोकं खाली करून लटकते. हिवतापाची ही बया आडवी झोपते."

भटनागर वाकले. "पण खिलेरीजी, आटत आलेलं गावतळं सोडलं तर पन्नास मैलांत पाण्याचा थेंब नाही. मी तर वर लिहून मोकळा झालो, की हा ताप कालव्यावरून आलेल्या मजुरांनी आणला."

"बाहेर आसरा नाही म्हणूनच ही डासीण इथे राहते. बाहेर लूच्या झळा, आत गारवा. दिवसभर भिंतीला चिकटून बसते, अंधार पडला की घरात. रेगिस्तानात डास राहणार कुठे? माणूस राहतो तिथेच!"

हे सांगताना पोकररामची मान जरा ताठ झाली. तेहतीस वर्षं त्याने हाच धंदा केला होता. पहाटे लोकांच्या झोपड्यांत शिरायचं, भिंतीवरचे डास काचेच्या नळीने अलगद ओढून घ्यायचे, चिठ्ठी लावून जिल्ह्याला पाठवायचे. कुठला डास कोणत्या महिन्यात कुठे दडतो, हे त्याला शेजाऱ्यांच्या भांडणांइतकं पाठ होतं. महिनाअखेर तो रिटायर होणार होता.

"मग औषध टाका," भटनागर म्हणाले. "नाहीतर टाकं उपसा. नियमच आहे."

झमकू आडवी आली. "उपसा? आषाढापर्यंत पुरवायचंय हे. सात माणसं, दोन गाई. आणि औषध टाकून इतके जीव मारायचे, वर तेच पाणी प्यायचं? तुझी आई पिईल?"

घरात खाटेवर तिची नात सुगणी कण्हत होती. एक दिवसाआड थंडी वाजून ताप. पोकररामने तिचं रक्त तपासायला पाठवलं होतं, गोळ्या सुरू केल्या होत्या. पण टाक्यातून रोज नवे डास उठणार असतील, तर गोळ्या किती दिवस पुरणार?

"साहेब, आठ दिवस द्या," पोकरराम म्हणाला. "आठ दिवसांनी एक जरी अळी सापडली, तर मी माझ्या हाताने उपसेन."

"जाता जाता कशाला जोखीम घेताय?"

"जाता जाताच घेतोय."

भटनागरांनी सुगणीची नाडी बघितली, गोळ्या बघितल्या, आणि आठ दिवस दिले.

जीपची धूळ खाली बसायच्या आत झमकू कडाडली, "बहिणीच्या पाण्यावर पैज लावलीस? आधी नाक कापलंस, आता गळा काप!"

नाक कापल्याची गोष्ट जुनी होती. पोकररामच्या नोकरीचं पत्र आलं, ते वाचणाऱ्याने मोठ्याने वाचलं, "इन्सेक्ट कलेक्टर". पुढचा शब्द तेवढा झमकूला कळला. भाऊ कलेक्टर झाला म्हणून तिने सासरच्या सगळ्या ढाण्यांवर, वस्तीवस्तीत घरोघर गूळ वाटला. महिन्याभराने कलेक्टरसाहेब सायकलवरून आले आणि सासऱ्याच्या गोठ्यात डास शोधू लागले. तेव्हापासून तिच्या जावा पाहुण्यांना सांगत, "हिचा भाऊ कलेक्टर आहे बरं, डासांचा!" मुंगीही न मारणाऱ्या बिश्नोई घरातला माणूस जीव पकडून पोट भरतो, हा टोमणा वेगळाच. पोकरराम हसण्यावारी न्यायचा. झमकूला मात्र ते काट्यासारखं सलत राहिलं.

बोलता बोलता तिने पोहरा टाक्यात सोडला, पाणी शेंदलं, घागरीवर गाळणं धरून ओतलं. गाळण्यावर दोन-चार वळवळे राहिले. तिने गाळणं हळुवार उचललं, पोहऱ्यात उलटं धरलं, वरून थोडं पाणी सोडलं आणि तो पोहरा अलगद टाक्यात खाली नेला. पाण्याचा जीव पुन्हा पाण्यात. हीच जीवाणी. तिच्या आईने हेच केलं, आजीने हेच केलं, लहानपणी पोकररामनेही केलं होतं.

पोकररामची नजर त्या पोहऱ्यामागोमाग टाक्यात उतरली. तेहतीस वर्षं तो टाक्यात पाणी वाहून आणणाऱ्या आगोरच्या उतारावर, झाकणाच्या फटीत, गाईंच्या पाणी प्यायच्या खेळीत शोधत फिरला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"जीजी, हे रोज करतेस?"

"तू नाही करत? की सरकारी भाकरीने धर्मही गिळला?"

"अगं, हा पाण्याचा जीव आहे तो फक्त आठवडाभर. मग त्याला पंख फुटतात आणि तो सुगणीला चावतो. आपण गाळून बाजूला काढतो आणि हाताने पाळण्यात परत ठेवतो."

झमकूने वळून घराकडे पाहिलं. घरातून सुगणीचे दात वाजल्याचा आवाज येत होता.

"मारू देणार नाही मी," ती शेवटी म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

"मारायला कोण सांगतंय? गावतळ्यात, आपल्या नाडीत, अजून गुडघाभर पाणी आहे. जीवाणी तिथे सोडायची. पाण्यातला जीव पाण्यातच जाईल."

"तिथे बेडूक टपलेत."

"ते बेडूक जाणे."

"म्हणजे पाप बेडकाच्या माथी! शिकलास रे सरकारात." पण तिला हसू आलं होतं. "आणि बाहेरून नव्या येतील त्यांचं?"

"त्यांना दार बंद. पाणी आत यायच्या तीन बाऱ्या आणि झाकण. बारीक विणीचं, मजबूत कापड पाहिजे. पाऊस आला की सोडू."

झमकू उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लाल चुनरी होती. गावाने नाडी खोदली, त्या वर्षी समंद-हिलोळ्याच्या विधीला भावाबहिणीने पाण्यात उभं राहून एकमेकांना ओंजळीने पाणी पाजलं होतं, तेव्हा पोकररामने पहिल्या पगारातून आणून तिच्या डोक्यावर घातलेली. तिने ती परत कधी डोक्यावर घेतली नव्हती. डासांच्या पैशांची चुनरी, असं जावा म्हणत.

"ही नको फाडू जीजी. भावाची चुनरी..."

"भावाची आहे म्हणूनच फाडते." तिने दातांनी काठ तोडला आणि चार तुकडे केले.

ते आठ दिवस पोकरराम रोज पहाटे आला. तारेच्या कड्याला कापड लावून पाण्याचा वरचा थर निथळून घ्यायचा, भिंतीवरचे डास नळीत ओढायचे, चुनरी परत घट्ट बांधायची. झमकू जीवाणीची घागर डोक्यावर घेऊन नाडीवर जायची. चौथ्या दिवशी अळ्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. सहाव्या दिवशी सुगणीने उठून बाजरीची राबडी मागितली. पोकररामचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवलं नाही.

नवव्या दिवशी भटनागर आले. बूट त्यांनी खेजडीच्या झाडाखालीच काढले. आरसा स्वतः धरला, कवडसा चारी कडांनी फिरवला, अर्धा तास फिरवला. पाण्यात काही हललं नाही, वळवळलं नाही.

"मी वर नव्याने लिहितो," ते म्हणाले. "कापड कोणतं, बाऱ्या किती, जीवाणी कुठे, सगळं. खाली तुमचं नाव घालतो. पद काय लिहू? कागदोपत्री तर..."

टाक्यापलीकडे दोन्ही जावा पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. झमकू त्यांच्याकडे तोंड करून, ढाणीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"कलेक्टर लिही. माझा भाऊ कलेक्टर आहे."

कोणी हसलं नाही. पोकररामने मान खाली घालून चुनरीची गाठ विनाकारण पुन्हा आवळली.

मग झमकूने पाणी शेंदलं, गाळलं आणि भावाच्या ओंजळीत ओतलं. तो प्यायला. गाळण्यावर काहीच उरलं नव्हतं. तरी तिने ते जपून नाडीच्या घागरीवर उलटं केलं आणि वरून थोडं पाणी सोडलं.