कंडक्टरची कवळी

गुरुवारी चार वाजले की माझा हात आपोआप दात घासायच्या कानशीकडे जातो. समोर कोणी नसतं, खुर्ची रिकामी असते. तरी मी कानस उचलते, मग लक्षात येतं, आणि स्वतःवरच चिडून ती खाली आपटते. मला भुताखेतांचं वेड नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण "टोचतंय हो, कवळीबाई" हे शब्द मला स्पष्ट ऐकू येतात, आणि ते बोलणारा माणूस आता नाही.

मी कवळ्या बनवते. शहरात हे काम करणारी मी एकटीच उरलेय, म्हणून निम्म्या गावाचे जबडे माझ्या फळ्यांवर आहेत. प्लास्टरचे साचे, ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने नाव. एकदा तोंडाचं माप घेतलं की तो साचा मी कधी टाकत नाही. कवळी पडते, फुटते, नातवंडं लपवून ठेवतात; साचा असला की दुसरी करता येते. नवीन गिऱ्हाईक आत आलं की फळ्यांकडे बघून दचकतं. मी म्हणते, घाबरू नका, यांतलं कोणी चावत नाही.

कंडक्टरचा साचा दुसऱ्या फळीवर, खिडकीशी. चौतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली त्यांनी. निवृत्त झाले तरी आवाज तोच, मागच्या दारापर्यंत पोचेल असा. वरचे दात करून घ्यायला आले तेव्हा पहिलीच अट घातली.

"माझा डावा सुळा वाकडा होता, शेजारच्या दातावर चढलेला. तसाच लावा."

"अहो, लोक वाकडे होते ते सरळ करून मागतात!"

"लोकांना मागू दे. सरळ दात घेऊन घरी गेलो तर माझी पोर म्हणेल, हे कोण काका आले?"

मी बरीच कुरकुर केली. मुद्दाम वाकडा दात लावायचा म्हणजे हातच्या कामाला बट्टा. पण तीनदा मेण वितळवून लावला, तेव्हा कुठे स्वारीला पसंत पडला.

त्यानंतर सहा वर्षं, दर गुरुवारी चारला, ते दारात हजर. टोचतंय म्हणायचे. मी कवळी उलटसुलट करून बघायची. टोचण्यासारखं काही नसायचं. मग कानस हवेतल्या हवेत दोनदा फिरवायची आणि कवळी परत द्यायची. ते ती घालून तोंड हलवून बघायचे, "वा, आता कसं!" म्हणायचे, आणि खुर्ची ओढून भांडायला बसायचे. टोचत नाही हे मला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण बोललो कधीच नाही.

भांडण राजकारणाचं. नवं सरकार आलं तेव्हा दारावर झेंडा लावणारी आमच्या गल्लीत मी पहिली. संध्याकाळी सातनंतर चौकात चारपेक्षा जास्त माणसांनी थांबायचं नाही, असा हुकूम निघाला. मी म्हटलं, उत्तम, टवाळखोरी तरी थांबेल.

"चारपेक्षा जास्त नकोत?" कंडक्टर म्हणाले. "माझ्या बसमध्ये साठ उभे असायचे. त्यानं कुठलं सरकार पडलं?"

"तुमच्या बसमध्ये खिसे कापले जायचे, ते नाही सांगत."

"पुढे सरका, कवळीबाई, पुढे सरका. मागे किती दाटी करून उभ्या आहात!"

हसायचोसुद्धा आम्ही. तेव्हा घराघरांत फूट पडली होती. माझ्या सख्ख्या बहिणीनं तो झेंडा बघून माझ्याकडे येणं सोडलं. कंडक्टरनी सोडलं नाही. उलट झेंड्याखालून वाकून, टोपी सावरत आत यायचे.

शेवटच्या गुरुवारी मात्र बिनसलं. बसच्या कामगारांना पकडून नेलं होतं, रविवारी मोर्चा निघणार होता, आणि हे म्हणाले, मी जाणार. माझं डोकं फिरलं. भीती वाटली होती मला, आता कळतं. पण भीती वाटली की मी ओरडते, हा माझा जन्माचा स्वभाव. मी म्हणाले, "जा! तुमच्यासारख्यांना गोळ्याच घालायला पाहिजेत, त्याशिवाय हे शहर ताळ्यावर यायचं नाही."

जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही.  कंडक्टरनी कवळी तोंडातून काढून माझ्या टेबलावर ठेवली. दाताविना गाल आत गेले, एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले. बोळक्या तोंडानं म्हणाले, "तुमच्या हातचे दात तोंडात ठेवून तुमच्या विरोधात ओरडायचं, हे काही बरं नाही."

"घाला ते आधी!" मी खेकसले. "बोळकं घेऊन घोषणा देणार आहात का? हसतील लोक."

त्यांनी मान डोलवली, कवळी घातली आणि गेले. त्या दिवशी टोचतंय म्हणालेसुद्धा नाहीत.

रविवारी चौकात गोळीबार झाला. रेडिओनं सांगितलं, नऊ मेले, सगळे बाहेरचे, ट्रकमधून आणलेले, भाडोत्री. मी विश्वास ठेवला. ठेवला म्हणजे काय, दुकानात येईल त्याला मीच सांगत सुटले: भाडोत्री होते हो, इथला एकसुद्धा नाही. पुढच्या गुरुवारी कंडक्टर आले नाहीत. मला वाटलं, रुसले. मनात म्हटलं, रुसू दे, येतील झक मारत.

तिसऱ्या आठवड्यात सरकारी कचेरीतले साहेब आले. दारावरच्या झेंड्याकडे बघून हसले, आदरानं बोलले. वरून चौकशी लागली होती, मेलेले बाहेरचेच होते हे कागदोपत्री यायला हवं होतं. त्यांनी एक डबी उघडून टेबलावर ठेवली.

"एकाच्या तोंडातून निघालीय. शहरात हे काम तुम्हीच करता. तुमची नाही, एवढं लिहून द्या."

वरची कवळी होती. डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला.

मी ती उचलून उलटसुलट केली, दर गुरुवारी करायची तशी. साहेबांना वाटलं, मी काम पारखतेय. तेच पुढे म्हणाले, "कसलं गबाळं काम आहे बघा, दात वाकडा बसवलाय. तुमच्या हातून असं होणार नाही, बाई."

आणि मी म्हणाले, "माझं काम नाही."

भीतीनं म्हणाले. दुकान डोळ्यांपुढे आलं, सील लावलेलं दार आलं. साहेबांनी कागद पुढे केला, मी सही केली. त्यांनी डबी मिटली, चहा घेतला, गेले. मी उठून कंडक्टरचा साचा भिंतीकडे तोंड करून ठेवला. तरी काम करताना पाठीला तो जाणवायचा.

दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. चारला दार वाजलं आणि माझ्या हातातलं मेण खाली पडलं. दारात त्यांची मुलगी. टपाल कचेरीत पत्रं निवडते ती, अबोल पोरगी, ओठांवर ओठ घट्ट दाबून ठेवण्याची सवय. कंडक्टर नेमके बसायचे त्याच खुर्चीवर बसली.

"मावशी, बाबांचा काही पत्ता नाही. त्या रविवारी जरा चालून येतो म्हणून गेले. सरकारी कचेरीतून कागद आलाय, स्वखुशीनं परगावी निघून गेल्याची नोंद आहे म्हणून. ते असे न सांगता जातील का? तुमच्याशी काही बोलले होते?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

तिनं रुमालातून एक जुनी, तडकलेली कवळी काढली. माझ्याकडे यायच्या आधी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेली, सरळ दातांची. पहिल्या दिवशीच नापसंत करून खणात टाकलेली. "ही सांधून ठेवाल? ते परत येतील तेव्हा तोंडात दात असतील नसतील. जेवायला तरी येईल."

मी ती सांधायला घेतली. काम एका दिवसाचं होतं. पण सांगणार काय, या भीतीनं म्हटलं, वेळ लागेल. ती पुढच्या गुरुवारी आली, त्याच्या पुढच्या गुरुवारीही आली. "झाली का मावशी?" मी म्हणायची, अजून थोडं. ती बसायची, फळ्यांकडे बघायची, आणि जायची. एकदा म्हणाली, संध्याकाळी दोन ताटं वाढते, सवय मोडायची नाही म्हणून. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

लोकांना वाटतं, माणसाचं मत वादात हरल्यावर बदलतं. सहा वर्षं वाद घातला त्या माणसानं माझ्याशी, मी तसूभर हलले नाही. आणि आता वाद घालायला कोणी नव्हतं, तर मीच दोन्ही बाजूंनी बोलायला लागले. रेडिओ लागला की त्याच्या प्रत्येक वाक्यावर मला आतून उत्तर ऐकू यायचं, मागच्या दारापर्यंत पोचेल अशा आवाजात. एका दुपारी धान्याचा व्यापारी दातांचं माप द्यायला आला होता. खुर्चीत रेलून म्हणाला, "ते नऊजण भाडोत्री होते, बरं झालं गेले ते." वाक्य माझंच होतं. मीच त्याला दिलं होतं. मी मापाचा ओला लगदा त्याच्या तोंडात कोंबला आणि दाबून धरला. घट्ट व्हायला तीन मिनिटं पुरतात, मी दहा मिनिटं धरला. बिचाऱ्याचे डोळे पांढरे झाले. तो गेल्यावर स्टुलावर चढून दारावरचा झेंडा काढला. कुणी विचारलं तर सांगितलं, धुवायला टाकलाय.

मला लाज वाटत होती. पण लाजेनं काही होत नाही, पोरगी रोज दोन ताटं वाढतच होती.

सहाव्या गुरुवारी ती आली तेव्हा सांधलेली कवळी मी टेबलावर काढून ठेवली होती. तिनं उचलली, रुमालात बांधायला लागली. मी म्हणाले, "बांधू नकोस. ती लागणार नाही, बाळा."

तिचे हात थांबले.

"साहेब डबी घेऊन आले होते माझ्याकडे. मेलेल्यांतल्या एकाची कवळी होती."

तिनं कवळी रुमालातून काढून परत टेबलावर ठेवली. मग एवढंच विचारलं, "सुळा वाकडा होता?"

"हो."

घट्ट दाबलेले ओठ सुटले तिचे. रडली नाही. मला वाटलं, आता उठेल, जाईल, आणि मी सुटेन. पण बापाचीच लेक ती. "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

खोटं बोलता आलं असतं. जीभ तयार होती.

"माझं काम नाही म्हणून सही दिली. आणि मोर्चाच्या आधीच्या गुरुवारी, बाबांच्या तोंडावर, तुमच्यासारख्यांना गोळ्या घाला, असंही मीच म्हणाले होते. तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे. मला हाताला धरून बाहेर काढायचं असेल तर काढ, दुकान माझं असलं तरी."

ती उठली, दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून पाठमोरीच म्हणाली, "साहेबांची कचेरी पाचला बंद होते. चला."

मी फळीवरून साचा उतरवला. भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, धूळ बसली होती. पदरानं पुसला आणि छातीशी धरून तिच्या मागे निघाले.  ती भराभर चालत होती, मला धाप लागत होती. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण चौक ओलांडताना थांबली, मी पोचेपर्यंत.

साहेबांना आधी काही कळेना. मग चेहरा बदलला. "बाई, तुम्ही सही दिलीय. विचार करा. दुकान आहे तुमचं."

"विचार करायला पाच आठवडे घेतले मी," मी म्हणाले. "डबी आणा."

"कशावरून तुमची? काम तर गबाळं आहे, तुम्हीच बघितलंत."

"गबाळं तुम्ही म्हणालात. मी तीनदा मेण वितळवून लावलाय तो दात. आणा डबी!" माझा आवाज एवढा चढला की बाहेरच्या बाकांवरची माणसं दारात येऊन उभी राहिली. एक, दोन, चार, मग चारपेक्षा जास्त. कोणाला हाकलणं साहेबांना जमेना. डबी आली.

मी साचा टेबलावर ठेवला, बुडावरचं नाव सगळ्यांना दिसेल असा एकदा उलटा करून, मग सरळ. कवळी उचलली.   साच्याच्या टाळूवर टेकवली, अंगठ्यानं हलकेच दाबली.

टक्.

कुठे फट नाही, कुठे डुगडुग नाही. वाकड्या सुळ्यासकट कंडक्टर टेबलावरून माझ्याकडे बघून हसल्यासारखे वाटले. दारातलं कोणीतरी त्यांचं नाव पुटपुटलं, मग दुसऱ्या कोणीतरी मोठ्यानं घेतलं.

मुलगी वाकली. बोटाच्या टोकानं तो सुळा चाचपला, हिरडीच्या कडेवरून बोट फिरवलं, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दर गुरुवारी म्हणायचे, फार टोचते म्हणून," ती म्हणाली. "म्हणून जायचे ना तुमच्याकडे?"

"नाही गं," मी म्हणाले. "एकदाही टोचली नाही."