दोन मापं मोठं इंग्रजी

बन्सी शिंप्याला मडमचा एक फ्रॉक साधला, तर काय काय पदरात पडणार होतं? पहिलं म्हणजे पिंपरीच्या नव्या कारखान्याचे चाळीस पांढरे कोट. दुसरं, दुकानाच्या पाटीवर ‘साहेबलोकांचे टेलर’ ही अक्षरं. आणि तिसरं, जे तो कुणाला सांगत नसे: कॅम्पातला तो ऐटबाज टेलर दुकानासमोरून जाताना सायकलवरून खाली उतरणार होता. चिंचवड स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या दुकानात बसून बन्सीने त्याचं ते उतरणं तीनदा डोळ्यांपुढे आणलं आणि त्या नादात हातातल्या पायजम्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले.

मडम म्हणजे कारखान्यातल्या विलायती साहेबाची बायको. शनिवारी फ्रॉक पसंत पडला तर कोटांचं काम तुमचं, असा निरोप होता. शिवणाची बन्सीला धास्ती नव्हती. धास्ती होती बोलण्याची. आजवर बंगल्यावर तो व्हरांड्यात बसे आणि आत मापं घ्यायला जाई त्याची बायको गवराबाई. बाईमाणसाच्या अंगाला फीत बाईनेच लावायची, ही त्यांच्या घरातली रीत. पण फ्रॉक हातात देताना कारागिराने चार शब्द बोलायला नकोत? कॅम्पातला टेलर म्हणे फाडफाड बोलतो!

म्हणून बन्सीने थेरगावच्या नानासाहेबांना गाठलं. त्यांनी तीस वर्षं कचेरीत इंग्रजी अर्ज लिहिले होते. शिकवणीबद्दल एक काळा कोट ठरला, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या तालावर घोकंपट्टी सुरू झाली. “मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टू सबमिट धिस गारमेंट!”

काजं करता करता गवराबाईने पदर तोंडाला लावला. बाई निघोज्याची, बोली अजून तिकडचीच.

“अवं, एवढं मोठं?”

“मोठंच पाहिजे. साहेबाची बायको आहे.”

“मडम न्हाई आसं बोलत. ती म्हनती, ट्राय इट ऑन. आपन गिऱ्हाइकाला म्हंतो न्हाई का, घालून बघा? त्येच त्ये. आवडलं की म्हनती लव्हली. झालं.”

“हे काय इंग्रजी? चड्डीएवढं!” बन्सीने नाक मुरडलं. “नानासाहेबांचं बघ कसं घोळदार. शनिवारी तू तोंड उघडायचं नाही.”

“न्हाई उघडत. पन उघडायची येळ आली, तर चाळीस कोटांची समदी काजं तुमी करायची.”

“चाळीसच का, एक्केचाळीस!” नानासाहेबांचा कोट हिशेबात धरून बन्सी ऐटीत म्हणाला.

शनिवारी त्याने टोपी सरळ केली, फ्रॉक दोन्ही हातांवर आडवा धरला आणि सगळा अर्ज एका दमात म्हणून टाकला, अगदी ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’पर्यंत. मडमचा चेहरा उतरला. शिंपी नोकरी मागतोय की काम सोडून चाललाय, तिला कळेना. तिने साहेबाला हाक मारली. साहेब चष्मा लावून आला. त्याच्यासाठी बन्सीने अर्ज पुन्हा पहिल्यापासून म्हटला. अर्ज म्हटल्यावर कागद असणारच, म्हणून साहेबाने हात पुढे केला. बन्सीने त्या हातात फ्रॉक ठेवला. साहेब तो उलटासुलटा करून सही कुठे करायची ते शोधू लागला.

चाळीस कोट सायकलवर बसून कॅम्पाकडे निघालेले बन्सीला दिसले. त्याने गवराबाईकडे पाहिलं. गवराबाई आढ्याकडे पाहत होती.

“बोल की!” तो दात आवळून पुटपुटला.

“मी? मला मनाई हाय.”

“गवरे, पाया पडतो तुझ्या!”

“आन काजं?”

“करतो, करतो!”

गवराबाईने साहेबाच्या हातातून फ्रॉक अलगद काढून घेतला. “ट्राय इट ऑन, मडम.”

मडमचा चेहरा खुलला. ती आत गेली आणि फ्रॉक घालून बाहेर आली. कमरेत जरा आवळत होता. गवराबाईने चिमटीत कापड धरलं.

“टाइट हिअर? आय लेट इट आउट.”

शिवणीत दोन बोटं कापड बन्सीने सोडलेलंच होतं. सुगीनंतर माणूस अंगाने भरतं, हे तो गावाकडच्या गिऱ्हाइकांवर शिकला होता. गवराबाईने शिवण तिथल्या तिथे उसवली, टाचण्या लावल्या. मडमने गर्रकन गिरकी घेतली.

“लव्हली!”

“लव्हली,” गवराबाई म्हणाली.

“लव्हली,” साहेब म्हणाला. सही करावी लागली नाही म्हणून तोही खूश होता.

बन्सीला राहवेना. “मोस्ट लव्हली!” तो ओरडला, आणि व्हरांडाभर हसू फुटलं.

चाळीस कोटांचं काम आलं. मडमला फ्रॉक मिळाला. नानासाहेबांना काळा कोट मिळाला. तो चढवून ते अख्ख्या थेरगावात सांगत सुटले की काम आणलं ते त्यांच्या इंग्रजीने. गवराबाईला आठ दिवसांचं माहेरपण मिळालं. निघोज्याला निघताना ती दारातून म्हणाली, “सुई टोचली तर मराठीतच वरडा हां.”

एका कोटाला पाच काजं, कोट एक्केचाळीस. दोनशे पाच काजं बन्सीने एकट्याने भरली.