एका पोटात दोन तेलं

मी बोटीचं इंजिन बोलतोय. हसू नका. रायपुरात खारं पाणी फक्त लोणच्यात सापडतं, हे मलाही ठाऊक आहे.

उमेदीची वर्षं मी कोकणातल्या एका मासेमारी बोटीत काढली. बोट मोडीत निघाली, तसा भंगाराच्या ट्रकातून रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वस्तीत आलो. तिथल्या भट्टीत वितळून सळई व्हायचं, एवढंच नशिबात उरलं होतं. पण रेल्वेच्या डिझेल शेडमधून नुकतेच निवृत्त झालेले हिरालाल तिथे आले, माझ्या अंगावर थाप मारली आणि मला गुढियारीला घरी घेऊन गेले. त्यांनी मला जनरेटर जोडला. तेव्हापासून भीमजयंतीच्या मिरवणुकीचे दिवे माझ्याच जिवावर लागतात.

वय झालं की खोकला सुटतोच. यंदा जयंती समितीच्या गोदूभाऊंनी बजावलं, "मिरवणुकीत बंद पडलं तर भाड्याचा जनरेटर मागवून घेऊ. मग हे धूड विकून टाका." म्हणजे मी परत उरल्याला. हिरालालांना जेवण गोड लागेना.

मग घरात माझ्या तेलावरून जुंपली.

"साधंच तेल टाकू," हिरालाल म्हणाले. "जुन्या इंजिनाले जुनंच सोसते. सिंथेटिक साडी असते, तेल नाही."

त्यांचा मुलगा प्रशिक मोटारींच्या वर्कशॉपात आहे. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "बाबा, सिंथेटिक गर्मी में टिकता है. इंजन अंदर से साफ रहता है."

"मले काहून शिकवून राहिला? जिंदगी गेली माझी शेडमध्ये."

"हव," प्रशिक म्हणाला. या घरात 'हव' म्हणजे, तुम्ही बोला, मी माझंच करणार.

जयंतीच्या सकाळी हिरालाल विहारात वंदनेला गेले. तेवढ्यात प्रशिकने माझ्यातलं काळंकुट्ट तेल काढून टाकलं आणि खुणेपर्यंत सिंथेटिक भरलं. सोन्यासारखं नितळ तेल होतं, मला बरं वाटलं. दुपारी हिरालालांनी गुपचूप तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. आयुष्यभर काळं तेल बघितलेला माणूस, त्यात चष्मा घरात. ते नितळ तेल त्यांना दिसलंच नाही. "पोट्टा रुसला, जुनं काढलं अन् नवं टाकलंच नाही," असं पुटपुटत त्यांनी साध्या तेलाचा अख्खा डबा माझ्यात रिकामा केला.

खरं सांगतो, माझ्या पोटात ती दोन तेलं अजिबात भांडली नाहीत. फक्त जागा उरली नाही. आग्रह करकरून वाढलेल्या पाहुण्यासारखी माझी गत झाली. संध्याकाळी मला गाडीवर चढवलं, मिरवणूक चौकात आली आणि मी निळा धूर ओकायला लागलो. प्रशिकने घाईघाईने मला बंद केलं. सगळे दिवे गेले. गोदूभाऊंनी खिशातून फोन काढला. मला भट्टी दिसू लागली.

हिरालालांच्या पत्नी, भीमाबाई, गर्दीतून पुढे आल्या. "तेल कोणं टाकलं?"

"मी," बापलेक एकदमच म्हणाले.

"एकच पोट अन् दोन वाढपी," त्या म्हणाल्या. "आता काढा."

प्रशिक पाना घेऊन वाकला. हिरालालही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट शेजारी बसले.

"बाबा, कपड़े खराब हो जाएँगे."

"होऊ दे. तू नट ढिला कर, मी घमेलं धरतो."

जास्तीचं तेल निघालं. मी खोकलो, थुंकलो आणि सुरू झालो. दिवे लागले. गोदूभाऊंनी फोन खिशात ठेवला. काळ्या डागांचे पांढरे शर्ट घालून बापलेक मिरवणुकीत पुढे चालत होते. त्या रात्री माझा आवाज जरा जास्तच होता, मान्य आहे.

आता पट्टी प्रशिक ओढतो आणि हिरालाल चष्मा लावून बघतात. पुढच्या वेळी कोणतं तेल, यावर रोज माझ्या डोक्याशी उभे राहून भांडतात. मला ते ऐकायला आवडतं. भांडा बाबांनो, खुशाल भांडा. फक्त चोरून लाड करू नका. ते मला पचत नाहीत.