टोचूनबी ताप आलाच ना!

मी एक जुना नेब्युलायझर आहे. घरात मला वाफेचं मशीन म्हणतात. मित्रांनो, माझी घडण कुठल्याशा कारखान्यात झाली, पण माझं खरं आयुष्य गेलं ते फैजपूरच्या सुनंदाबाईंच्या उशाशी. त्यांना दमा आहे, रक्तात साखर आहे आणि वय सत्तरीपुढचं. श्वास अडला की त्या माझा मास्क तोंडाला लावतात आणि डोळे मिटून मनात नाम घेतात. "हे मशीन म्हणजे देवच!" असं सगळं घर म्हणायचं.

ऐकायला बरं वाटायचं. आता राग येतो.

झालं असं. मागच्या हिवाळ्याआधी गावातल्या डॉक्टरीणबाईंनी सुनंदाबाईंना फ्लूची लस दिली. तरी पौषात त्यांना ताप आलाच. दोन-तीन दिवस अंग दुखलं, माझी थोडी वाफ घेतली आणि एकादशीला त्या पुन्हा देवघरात बसल्या. पण त्यांचे यजमान तोताराम नाना ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "टोचूनबी ताप आलाच ना! मंग काय कामाची ती लस?"

शेजारच्या तानुबाईंनी भर घातली, "त्यापेक्षा मेथीचे लाडू केले असते, नाना!"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "नाना, म्हाताऱ्या, आजारी अंगात लस तरण्या अंगाइतकी लागत नाही, हे खरं. पण आजार हलका करते. दवाखान्यात भरती व्हायची पाळी पुष्कळदा टळते." नानांनी मान हलवली, ऐकलं काहीच नाही.

यंदा सुनंदाबाई स्वतःच म्हणाल्या, "हितेंद्र, मले लस घ्यायले घेऊन चाल."

मुलगा हसला. "मांगच्या वर्षी घेतली ना, आई? आता परत कामून?"

मला ओरडावंसं वाटलं. अरे, कालच्या दिव्यावर आजचं देवघर उजळतं का? तुझी आई रोज नवी वात लावते, ते दिसत नाही तुला? तो विषाणू रूप पालटत राहतो, लसीचा जोरही ओसरतो, म्हणून ती दरसाल घ्यायची! पण मला फक्त घरघरता येतं. लस राहूनच गेली.

मग केळीच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. हितेंद्र आदल्या दिवशीच एका लग्नाहून ताप घेऊन आला होता. तरी खोकत खोकत आईशेजारी जेवायला बसला. सून डिंपल म्हणाली, "अहो, जरा लांब बसा. आईंना दमा आहे."

"साधी सर्दी आहे. तुले तर सगळ्याचंच भ्या!"

काही दिवसांतच सुनंदाबाईंचे ओठ निळे पडले. मी घरघरत राहिलो, औषध संपेस्तोवर वाफ दिली. धाप काही उतरेना. कसला देव? फ्लूपुढे मी एकटा काय करणार? त्यांना जळगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं, ऑक्सिजन लावावा लागला. ज्या बाईचा नेम कधी चुकला नाही, तिची पूजा किती दिवस अडून राहिली!

त्या परतल्या त्या निम्म्या होऊन. भेटायला आलेली माणसं म्हणाली, "देवानं वाचवलं व माय!"

सुनंदाबाई कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. हळूच म्हणाल्या, "देवानं वाचवलं खरं. पण देवाचं नाव घेऊन आपला आळस नका झाकू. पुरती बरी झाली का मी लस घेईन. माह्या जुन्या अंगात ती कमीच लागंन, म्हणून तुम्ही सगळ्यांनी आधी घ्या. ज्यानं नाही घेतली, त्यानं माह्या हातचा प्रसाद मागू नये."

मग नाना चपला शोधू लागले. "चाल रे हितेंद्र, गाडी काढ. तुह्या मायनं प्रसाद बंद केला तर या घरात राहून काय करू?"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हातारं, दम्याचं, साखरेचं माणूस असेल, तर डॉक्टरांना विचारून त्यांची लस वेळेवर द्या. तुमचीही घ्या. ताप-खोकला असताना त्यांच्या जवळ जाऊ नका. आणि टोचूनही ताप आला, तर लसीला नावं ठेवण्याआधी बघा, आपलं माणूस घरात आहे की दवाखान्यात.

इतर वस्तू म्हणतात, आम्हाला विसरू नका. मी उलटं मागतो. मला धुऊन-पुसून फळीवर ठेवा आणि खुशाल विसरून जा.