माझा पाय आणि भुंग्याचा अर्ज

लोकांना वाटतं, गाडी शिकवणाऱ्या बाईचं तोंड चालतं. ते चालतंच, त्याबद्दल वाद नाही. पण आमचा खरा धंदा पायावर चालतो. शिकाऊ गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि शेजारचा माणूस काय घोळ घालणार आहे हे त्याच्या आधी माझ्या पायाला कळतं. इतकी वर्षं हे करून माझा उजवा पाय आता माझंही ऐकत नाही. सिनेमात कुणी कड्याच्या दिशेने पळत निघालं तरी तो जमिनीवर आपटतो. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघतात आणि मी शेजारच्याकडे रागाने बघते.

आमच्या मुलीला घरात भुंगा म्हणतात, कारण विचार करताना ती गुणगुणते. लहानपणी तिला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ती शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवरच वाढली. पुढे मी कुणावर तरी ओरडत असायचे आणि मागून प्रश्न यायचा.

"आई, आपण का थांबलो?"

"पुढची गाडी थांबली म्हणून."

"ती का थांबली?"

"तिच्या पुढची थांबली म्हणून."

"मग सगळ्यात पुढची का थांबली?"

मी वैतागून सांगायचे, की पुढे काहीतरी झालं असेल. पण गर्दीतून सुटून आम्ही पुढे पोचलो की तिथे काहीच झालेलं नसायचं. अपघात नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही, रस्ता मोकळा. बाकीचे लोक अशा वेळी सुटलो बुवा म्हणून वेग वाढवतात. भुंगा मात्र मागच्या काचेला नाक लावून बसायची.

शाळेच्या शेवटच्या वर्षी तिने जेवताना जाहीर केलं, की तिला वाहतुकीचं गणित शिकायचंय आणि ते तिच्या मनासारखं शिकवणारं विद्यापीठ एकच आहे. विद्यापीठाचं नाव ऐकल्यावर आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. हे औषधाच्या दुकानात काम करतात, दिवसभर लोकांची दुखणी ऐकतात आणि सहसा कशाने दचकत नाहीत. पण त्या विद्यापीठात जगभरातून ढिगाने अर्ज येतात आणि मूठभर पोरं घेतात, हे त्यांनाही माहीत होतं.

त्यात बाईसाहेबांना लवकरच्या फेरीत अर्ज करायचा होता. या फेरीचा नियम मोठा कडक. अर्ज एकाच ठिकाणी करायचा. घेतलं तर जावंच लागतं, तसं आईबापांनीही सही करून कबूल करायचं. नाही घेतलं तर ते दार बंद, तिथे पुन्हा अर्ज करता येत नाही. आणि पूर्ण शिष्यवृत्ती मिळते ती फक्त याच फेरीत. शिष्यवृत्तीशिवाय तिला तिथे पाठवणं आमच्या आवाक्यात नव्हतं, त्यामुळे तिला जी काय संधी होती ती एकदाच.

पोरांनी कुठे अर्ज करावा हे सांगायला शाळेत एक बाई आहेत. त्यांनी मला बोलावून घेतलं. खरं सांगायचं तर मी त्यांच्याशी सहमत व्हायला गेले होते. भुंग्याला जरा थांबवा, असंच मी सांगणार होते.

"मुलगी हुशार आहे हो," बाई म्हणाल्या, "पण तिथे जाणारी मुलं वेगळीच असतात."

"वेगळी म्हणजे? त्यांना शिंगं असतात?"

"तसं नाही. त्यांची घरं वेगळी असतात. घरात तसं वातावरण असतं."

झालं. माझं डोकं सटकलं. मी पर्समधून पेन काढलं आणि सही कुठे करायची ते विचारलं. जिन्यावरून उतरले तेव्हा सही झाली होती.

पुढे काही आठवडे भुंगा खोलीत गुणगुणत बसली, अर्ज गेला, आणि एक दिवस निरोप आला, की तीन प्राध्यापक तुमची ऑनलाइन मुलाखत घेणार आहेत. आमच्या घरातलं इंटरनेट लहरी, म्हणून मुलाखत आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात द्यायचं ठरलं. ऑफिस म्हणजे एक खोली. समोर काचेचा दरवाजा, आत टेबल, जुना कॉम्प्युटर, आणि भिंतीवर रस्त्यांचा मोठा लोखंडी फळा. त्यावर चौक रंगवलेले आहेत आणि चुंबकाच्या छोट्या गाड्या चिकटवलेल्या आहेत. बाहेर पाटी, 'आमच्याकडे शिकलेला नापास होत नाही'.

आता या पाटीला घरातच गालबोट लागलेलं होतं. भुंगा गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झाली होती. माझी मुलगी, माझ्याच हाताखाली शिकून, तीनदा. परीक्षा घेणारा साहेब मला रस्त्यात भेटला की विषय बदलून हवापाण्याच्या गोष्टी करायचा, इतकी ती बाब नाजूक झाली होती.

"एकच सांगते," मी तिला बजावलं, "परीक्षेचं त्यांच्यापुढे काढू नकोस. वाहतूक शिकायला निघालेली मुलगी आणि गाडी येत नाही, हसतील ते."

"विचारलं तर?"

"विचारलं तर दुसरं काहीतरी बोल."

"आई, तू मुलाखतीला घरी थांब."

"ऑफिस माझं आहे. मी कोपऱ्यात बसेन. तोंडातून शब्द काढणार नाही."

हे मागून म्हणाले, "तोंडाची काळजी नाही वाटत मला." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

मुलाखतीच्या सकाळी मी सगळे क्लास रद्द केले, फोन बंद केला आणि टेबलाच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी खुर्ची टाकून बसले. मला स्क्रीन दिसत होती. एक पांढऱ्या दाढीचे, एक चष्म्याच्या बाई, आणि एक तरुण मास्तर जो सारखा पेन चावत होता. भुंगा आधी अडखळली, मग गणितात शिरली आणि तिचा आवाज सैल झाला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चष्म्याच्या बाई मान डोलावत होत्या. मी मनात म्हटलं, जमतंय, असंच सरळ जाऊ दे.

तेवढ्यात दाढीवाले हसून म्हणाले, "तुमच्या आई गाडी शिकवतात असं अर्जात लिहिलंय. म्हणजे तुम्ही स्वतः उत्तम चालवत असणार."

मी भुंग्याकडे पाहिलं. तिने श्वास घेतला, आणि तो कसला श्वास आहे ते मला कळलं. वळणावर आरसा न बघता गाडी घालणारे असाच श्वास घेतात.

"खरं सांगायचं तर," ती म्हणाली, "मी तीनदा..."

माझा पाय आपटला.

टेबलाखाली वायरींचा बोर्ड होता आणि त्याला लाल बटण होतं. खट्ट आवाज झाला आणि दाढी, चष्मा, पेन सगळं गेलं. काळ्या स्क्रीनवर फक्त आम्ही दोघी दिसत होतो.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एकच अर्ज, एकच मुलाखत, आणि मी, तिच्या सख्ख्या आईने, ती लाथेने बंद केली होती. मी खाली वाकून बटण शोधायला लागले तर माझं डोकं टेबलाला आपटलं.

"आई," भुंगा म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "पाय उचल आणि बाहेर जा."

मी गेले. तिने खिशातून फोन काढला, शिक्क्यांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पुन्हा मुलाखतीत शिरली. मी फुटपाथवर उभी राहून काचेतून बघत होते. आवाज येत नव्हता, फोनची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे ते तिघं परत आले की नाहीत तेही समजत नव्हतं. दिसत होती ती फक्त भुंगा. ती काहीतरी बोलली. मग तिने दरवाजाकडे, म्हणजे थेट माझ्याकडे, बोट दाखवलं. मी पटकन पाटीच्या आड झाले. एवढी बाई पाटीच्या आड मावत नाही, ही गोष्ट वेगळी.

पुन्हा डोकावले तर तिने भिंतीवरचा फळा उतरवून टेबलावर उभा केला होता आणि त्या चुंबकाच्या गाड्या एकामागे एक लावल्या होत्या. पुढची गाडी तिने जराशी मागे सरकवली. मग तिच्या मागची थोडी जास्त. मग तिच्या मागची आणखी जास्त. शेवटची गाडी तर पार थांबूनच राहिली. भुंग्याचे हात भराभर चालत होते, केस डोळ्यांवर आले होते आणि ती ते बाजूला सारतही नव्हती. ही मुलगी मी रोज बघते, पण अशी कधी बघितली नव्हती. मला तिचा भयंकर अभिमान वाटला.

ती बाहेर आली तेव्हा माझं विचारायचं धाडस होत नव्हतं. तीच म्हणाली, "हसले ते."

"मेले मी."

"तसं नाही गं. मी त्यांना खरं ते सांगितलं. म्हटलं, लाइट गेली नव्हती. माझ्या आईने ब्रेक मारला. समोर काहीच नव्हतं, फक्त तिला वाटलं की मी आपटणार. आणि बघा, इतक्या लांब बसलेले तुम्ही तिघंही थांबलात, माझ्यानंतर मुलाखतीला थांबलेली मुलं पण आता खोळंबणार. मला जे शिकायचंय ते हेच आहे. म्हटलं, एका माणसाचा उगाच मारलेला ब्रेक मागे सरकताना वाढत कसा जातो, आणि तो कुठे जिरवता येतो. आणि मग फळ्यावर मांडून दाखवलं."

"आणि परीक्षेचं?"

"तेही सांगितलं. का नापास झालीस असं त्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, माझं लक्ष स्वतःच्या गाडीकडे नसतं, बाकीच्या सगळ्या गाड्यांकडे असतं."

"मग काय म्हणाल्या?"

"लिहून घेतलं त्यांनी."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझे शिकाऊच सांगतील. मी कुणावर ओरडले नाही. लोक घाबरून गेले. घरी मी भुंग्याच्या आवडीचं रांधायचे आणि ती म्हणायची, "आई, माफ केलंय, आता पुरे." पण तिने माफ करून काय होणार होतं? तिकडून नकार आला असता तर ती काही बोलली नसती, आणि मी जन्मभर त्या लाल बटणाकडे बघत बसले असते.

निकाल दुपारी लागणार होता. घरात बसवेना म्हणून मी क्लास घेतला. गाडीवर दातांच्या डॉक्टर होत्या. इतरांच्या तोंडात बिनधास्त ड्रिल घालणारी ही बाई सायकल दिसली तरी डोळे मिटायची. आम्ही बाजारपेठेच्या रस्त्याने निघालो होतो. तेवढ्यात समोरून फुटपाथवरून दोन माणसं पळत येताना दिसली. पुढची भुंगा होती. मागे आमचे हे होते, दुकानाचा पांढरा कोट घालून, धापा टाकत. लग्नाला निघालेल्या दिवशीही हा माणूस पळाला नव्हता.

"थांबवा," मी डॉक्टरांना म्हटलं.

"इथे? मधेच?"

"इथेच. मधेच."

मी दार उघडून उतरले. भुंग्याने मान हलवली, वर, खाली, वर, खाली, आणि हसता हसता तिचं नाक लाल झालं.

"शिष्यवृत्ती?" मी विचारलं.

"पूर्ण," मागून हे म्हणाले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे राहिले. "पूर्ण मिळाली."

मागे गाड्यांची रांग लागली होती. हॉर्न वाजायला लागले. एकाने काच खाली करून विचारलं, की बाई, झालंय काय? मी त्याला विद्यापीठाचं नाव सांगितलं आणि ही माझी मुलगी म्हणून सांगितलं. त्याने हॉर्नवरचा हात काढला आणि म्हणाला, "अहो, मग सावकाश होऊ द्या." डॉक्टर गाडीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होत्या. त्यांना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा असं सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

"आई, नियम लक्षात आहे ना?" भुंगा म्हणाली. "घेतलं तर जावंच लागतं. आता नाही म्हणता येणार नाही."

"नाही कोण म्हणतंय? सही कुणाची आहे त्यावर?"

एवढं मी ठसक्यात म्हणाले, आणि मग भर रस्त्यात, सगळ्या गाड्यांसमोर, तिला घट्ट धरून मोठमोठ्याने रडले. आमचे हे अजून सगळ्यांना सांगतात, की पोर लांब जाणार म्हणून ही रडली. सांगू देत. मी कशाने रडले ते मला माहीत आहे. माझी पोर जिंकली होती, आणि ती मी आडवा घातलेला पाय ओलांडून जिंकली होती.